दात मोजून घ्या: कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारा कार्ड रीडर निवडताना

घोडेगावात ज्यांच्याकडे कॅमेरा आहे, टेबलाखाली कॉम्प्युटर आहे आणि दोन्हींच्या मधे सारखी हरवणारी एक वायर आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. वायरीचा जाच संपवायला कार्ड रीडर कॉम्प्युटरच्या आतच बसवून टाकावा, हा विचार लग्नसराई संपत आली की मनात येतोच. सराईच्या आधी आला असता तर बरं झालं असतं, पण सराईच्या आधी माणूस लेन्सचा विचार करतो.

सुरुवात पत्त्यापासून करावी. आपलं घोडेगाव नेवासे तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, शिंगणापूरच्या फाट्याचं. दुसरं घोडेगाव पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्याचं ठाणं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला हा फरक कळतोच असं नाही. पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिनकोड तिन्ही लिहा. जिल्ह्याच्या यादीत अहमदनगर निघालं तर ते निवडा, अहिल्यानगर निघालं तर ते. रीडर येईपर्यंत त्यावर चर्चा करू नका.

आता टेबलाखाली वाका. ज्या उभ्या लोखंडी डब्याला सगळं गाव सीपीयू म्हणतं, त्याच्या तोंडाकडे पाहा. (दुकानात त्याला कॅबिनेट म्हणा. भाव कमी होत नाही, पण दुकानदार जरा सरळ बसतो.) आतला रीडर दर्शनी बाजूलाच बसतो, त्यासाठी तिथे खाच लागते. साडेतीन इंची खाच म्हणजे पूर्वी फ्लॉपी जायची ती, सव्वापाच इंची म्हणजे सीडी-डीव्हीडीची. पट्टी लावाल तर साडेतीनची खाच चार इंच भरेल आणि सव्वापाचची पावणेसहा. पट्टी चुकलेली नाही. ती मापं आत फिरणाऱ्या तबकडीची होती, खाचेची नव्हेत, आणि तबकड्या गेल्या तरी नावं राहिली.

डबा जुना असेल तर दोन्ही खाचा प्लॅस्टिकच्या झाकणामागे सापडतील. डबा नवा असेल, पुढे काच, आत रंग बदलणारे पंखे, तर खाच नसण्याचीच शक्यता जास्त. अशा डब्याच्या मालकांनी इथेच थांबावं, शे-दोनशे रुपयांचा बाहेरून लावायचा रीडर घ्यावा आणि टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधावा. बाकीच्यांनी, म्हणजे सायबर कॅफे बंद पडले तेव्हा ज्यांनी जुने डबे स्वस्तात उचलून ठेवले त्यांनी, पुढे वाचावं.

पुढची पायरी शुक्रवारी करायची. त्या दिवशी गावात जनावरांचा बाजार असतो. सकाळी लवकर जा, काही विकत घेऊ नका, नुसतं बैल घेणाऱ्याच्या मागे उभे राहा. विकणारा बोलत असतो: वय, चाल, स्वभाव, औताला कसा, गाडीला कसा. घेणारा 'हां, हां' म्हणतो आणि बैलाचा जबडा उघडतो. दुधाचेच दात असतील तर आदत. पक्क्या दातांची पहिली जोडी आली असेल तर दुसा, दुसरी आली असेल तर चौसा, आठही भरले असतील तर जुळलेला. जबडा मिटला की विकणाऱ्याच्या बोलण्यातली हवा गेलेली असते. मग रुमालाखाली बोटं, आणि व्यवहार.

कार्ड रीडर असाच घ्यायचा असतो. त्यालाही दात असतात: आतल्या पिना, पितळी पट्ट्या. ते मोजता येतात. खोक्यावर जे छापलंय ते विकणाऱ्याचं बोलणं. 'हां, हां' म्हणत वाचावं.

त्या बोलण्यातलं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे 'पंच्याहत्तर इन वन'. रीडरला तोंडं पाच किंवा सहा, आणि खाणार म्हणे पंच्याहत्तर प्रकारचं. हिशेब असा की एकाच आकाराचं कार्ड वेगवेगळ्या नावांनी परत परत मोजायचं, अ‍ॅडॉप्टर घालून जाणारीही धरायची, आणि जी कार्डं जगानं सोडून दिली तीसुद्धा मिळवायची. स्मार्टमीडिया १९९५ सालचं. सोनीची मेमरी स्टिक १९९८ सालची. एक्सडी २००२ साली ऑलिंपस आणि फुजीफिल्मनं आणलं. गावात अजून कुणाकडे एक्सडीचा कॅमेरा असलाच तर तो कपाटाच्या वरच्या फळीवर, बॅटरी फुगलेल्या अवस्थेत असणार, आणि त्यासाठी रीडरला तोंड ठेवणं म्हणजे मेलेल्या बैलासाठी दावण सारवणं. घोडेगावला तीन तोंडं पुरतात. एसडी, मायक्रोएसडी आणि जुना मोठा कॅमेरा असेल तर सीएफ. नव्या महागड्या कॅमेऱ्यांना सीएफएक्स्प्रेस लागतं, पण तो कॅमेरा घेणारा माणूस रीडरसाठी मार्गदर्शिका वाचत नाही.

एसडी कार्ड उलटं करा. सोनेरी पट्ट्या मोजा. नऊ. सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाली मात्सुशिता यांनी १९९९ साली हे कार्ड आणलं तेव्हापासून ही ओळ तशीच आहे. मायक्रोएसडीला आठ. काही महाग कार्डांना मात्र पहिल्या ओळीखाली आणखी आठ पट्ट्यांची दुसरी ओळ असते, म्हणजे एकूण सतरा. याला यूएचएस-टू म्हणतात. एका ओळीवर कागदोपत्री वेग सेकंदाला १०४ एमबीपर्यंत जातो, दुसरी ओळ धरून ३१२ पर्यंत. आता मोबाइलचा टॉर्च रीडरच्या तोंडात मारा. तिथेही दुसरी ओळ दिसली तर उत्तम. नाही दिसली तर कार्ड चौसा आणि रीडर दुसा. एका जुवाला दोघं चालतील, फक्त दुशाच्या चालीनं. कार्ड बिघडणार नाही, तुमचे जास्तीचे पैसे तेवढे बसून राहतील.

मग एकाच ओळीच्या कार्डावर १७०, २०० असे आकडे कसे, असं एखादा हुशार नवशिका विचारतो. आकडा खोटा नसतो. ती त्या कंपनीची घरची युक्ती, आणि ज्या रीडरला ती युक्ती येते त्याच्यासमोरच कार्ड तसं धावतं. इतरत्र नव्वदच्या आसपास. घोडेगावात बसून नव्वद पुष्कळ झालं.

दातांवरून न कळणारी एकच गोष्ट म्हणजे रीडरचं पोट. २००६ साली एसडीचा मोठा भाऊ एसडीएचसी आला, ३२ जीबीपर्यंतचा. २००९ साली एसडीएक्ससी, त्याहून मोठा. तिघांचा आकार तोच, पट्ट्या त्याच. २००६च्या आधीच्या रीडरमध्ये ६४ जीबीचं कार्ड अगदी गुण्यागोविंदानं आत जातं, दिवासुद्धा लागतो, आणि कॉम्प्युटर मख्ख. तोंडात गेलं, पचलं नाही. जुन्या डब्यात आधीपासून बसलेला रीडर 'फुकटात मिळाला' म्हणून आनंद करण्याआधी हे आठवा. म्हणून नगरला खरेदीला जाताना घरातलं सगळ्यात मोठं कार्ड खिशात घ्या. दुकानदार म्हणेल, "चालतंय ना भाऊ." तुम्ही म्हणा, "चालवून दाखवा." पस्तीसेक किलोमीटर परत यायला एसटी आहे, पण बदलून आणायला जायला मन लागतं.

सीएफचा मामला उलटा. इथे दात रीडरला आणि कार्डाला नुसती भोकं. पन्नास पिना, केसाएवढ्या, दोन ओळींत. कॅनन फाइव्ह-डी मार्क थ्रीसारखे कॅमेरे जुन्या बाजारात फिरत शेवटी लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या हाती येतात, त्यात एक खण सीएफचा आणि एक एसडीचा. कार्ड जरा तिरपं रेटलं की पिन वाकते, आणि वाकलेल्या पिनेवर पुन्हा रेटलं की ती शेजारणीला चिकटते. त्यानंतर नक्की काय होईल ते कार्डाच्या नशिबावर. सेकंडहँड रीडर घेत असाल तर पन्नासच्या पन्नास पिना टॉर्चच्या उजेडात नजरेखालून घाला. एखादी वाकडी असेल तर रिकाम्या रिफिलचं टोक काढून त्याच्या भोकात ती धरून हळूच उभी करणारे कलाकार आहेत. तुम्ही ते नाही असं समजून चाला.

आता कुलूप. एसडी कार्डाच्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते, शेजारी 'लॉक' लिहिलेलं. नवशिक्याला वाटतं, हे खाली सरकवलं की हळदीचं शूटिंग सुरक्षित, आता कुणी काही पुसू शकत नाही. हे समजून घ्यायला घोडेगावाइतकी सोयीची जागा नाही, कारण पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत जगभर माहीत आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं तिथे शाखा उघडली ती बिनकुलपाची शाखा म्हणून. दार पारदर्शक काचेचं, कुलूप कुठे दिसत नाही. प्रत्यक्षात नजरेत न भरणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप तिथे आहे. म्हणजे न दिसणारं, पण असणारं. एसडी कार्डाचं बरोबर उलट: दिसणारं, पण नसणारं. त्या सरकपट्टीला कार्डाच्या आत कसलीही तार जोडलेली नाही. ती फक्त प्लॅस्टिकची खूण. रीडरच्या तोंडात एक छोटी कळ असते, ती त्या खुणेला चाचपते आणि कॉम्प्युटरला सांगते, 'बाबा, मालकानं नको म्हटलंय.' ज्या रीडरला ती कळ नाही, किंवा कॉम्प्युटरनं तिचं ऐकायचं नाही असं ठरवलं, तिथे कुलूप असून नसल्यासारखं. शिंगणापुरात चोर शनीला भितो. इथे तशी सोय नाही. म्हणून रीडर घेताना कुलूप लावलेलं एक कार्ड आत घाला आणि त्यातली एखादी फालतू फाइल पुसायचा प्रयत्न करा. पुसली गेली तर तो रीडर नम्रपणे काउंटरवर ठेवा.

इतकं झालं की शेपूट पाहा. बाजारात शेपटीवरूनही बरंच काही ठरतं, रीडरचा तर सगळा वेगच शेपटीत असतो. दर्शनी भागाला निळं प्लॅस्टिक लावून कुणालाही 'थ्री पॉइंट झीरो' दिसता येतं. मागून निघणारी केबल मात्र लपत नाही. बारीक केबल आणि टोकाला नऊ भोकांची छोटी टोपी असेल तर यूएसबी टू. जाड, ताठ केबल आणि एकोणीस भोकांची रुंद टोपी असेल तर यूएसबी थ्री. फरक किती? यूएसबी टू हातात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी टेकवतं. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड रिकामं व्हायला अर्धा तास. थ्रीवर तेच कार्ड नव्वदनं निघालं तर बारा मिनिटं. एका लग्नाला दोन कॅमेरे आणि एक ड्रोन धरा, म्हणजे फरक जेवणाच्या सुट्टीएवढा होतो. त्यात मधेच लाईट गेली तर सगळं पहिल्यापासून. यूपीएस नसेल तर आधी तो घ्या, रीडर पुढच्या सराईला.

जाड शेपटीची एक अडचण आहे. मदरबोर्डवर त्या एकोणीस पिनांचं हेडर बहुधा एकच असतं, आणि ते डब्याच्या पुढच्या निळ्या यूएसबीनं आधीच अडवलेलं असतं. मग एकाला उठवून दुसऱ्याला बसवायचं. कोणाला उठवायचं हे ज्याच्या घरात पेनड्राइव्ह घेऊन येणारे पाहुणे जास्त, त्यानं ठरवावं.

डबा उघडण्याआधी पाठीमागची वायर काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा. आत पाहिल्यावर पहिलं लक्ष धुळीकडे जाईल. घोडेगावच्या डब्यातली धूळ मिश्र असते: हायवेची, बाजारातली, आणि कांद्याची. नेवासे बाजार समितीचा कांदा इथे उतरतो, लिलावाच्या दिवशी वाऱ्यावर कांद्याचे पापुद्रे फिरतात, आणि डब्याचा मागचा पंखा हवा बाहेर फेकत असल्यानं तो पुढच्या प्रत्येक फटीतून नवी हवा ओढून घेतो. पुढची सगळ्यात मोठी फट कोणती? तुम्ही हौसेनं बसवणार आहात ती. रीडरची तोंडं म्हणजे त्या पंख्याच्या नाकपुड्या. झडप असलेला रीडर मिळाला तर शोधून घ्या, नाही तर वापर नसेल तेव्हा तोंडांवर कागदी चिकटपट्टी लावा. दिसायला वाईट दिसतं. पितळी पट्ट्यांमध्ये अडकलेला कांद्याचा पापुद्रा चिमट्यानं काढत बसणं त्याहून वाईट दिसतं, विशेषतः नवरीचे वडील समोर बसलेले असताना.

प्लॅस्टिकचं झाकण काढलं की मागे पत्रा लागेल. तो वाकवून, पिळून तोडायचा असतो, आणि तो बोट कापतो. सगळ्यांचं कापतो. फडकं धरा.

आता मदरबोर्डचा जबडा, आणि इथे घाई करणारा माणूस पस्तावतो. बारीक शेपटीची नऊ भोकांची टोपी ज्या हेडरवर बसते ते दहा पिनांचं घर असतं, त्यातला एक दात मुद्दाम पाडलेला. यूएसबीच्या घरात पडलेला दात कोपऱ्यातला. त्याच बोर्डावर, तसंच दिसणारं, पुढच्या हेडफोनचं घर असतं. त्याचा पडलेला दात कोपऱ्यातला नसून शेवटून दुसरा. टोपीतलं बुजवलेलं भोक आणि जबड्यातला पडलेला दात जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर जोर लावायचा नाही. जोर लावून बसवलेल्या टोपीतून पुढे धूर येतो. आणि सायबर कॅफेच्या काळातल्या डब्यांसाठी खास इशारा: काही जुन्या बोर्डांवर फायरवायरचं हेडर असतं, हुबेहूब यूएसबीसारखं, पडलेला दातही कोपऱ्यातलाच. टोपी तिथे मख्खनसारखी बसते. फक्त तिथे १२ व्होल्ट असतात आणि रीडरला लागतात ५. त्या हेडरशेजारी बारीक अक्षरात '१३९४' छापलेलं असतं. चष्मा लावा आणि वाचा. बाजारात दात मोजणारा माणूसही संशय आला की खुरं बघतो.

स्क्रू चार लागतात. खोक्यात दोन येतात. पुढे चला.

कॉम्प्युटर चालू केल्यावर 'धिस पीसी' उघडलं की एखाद्या नवशिक्याच्या छातीत धस्स होतं, कारण काही रीडर रिकाम्या प्रत्येक तोंडाला एक एक अक्षर वाटून घेतात. ई, एफ, जी, एच: चार खोल्या, चारही रिकाम्या. हे डिस्क वाढल्याचं लक्षण नाही. उलट, काही तोंडं दिसतच नसतील तरी घाबरू नका. विंडोज सेव्हनपासून रिकामे ड्राइव्ह लपवण्याची पद्धत आहे आणि ती फोल्डरच्या ऑप्शन्समध्ये बंद करता येते.

खरं घाबरायचं ते एका वेगळ्या चौकटीला. कार्ड घातलं की पडद्यावर येतं: हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करू का? खाली 'फॉरमॅट डिस्क' असं बटण असतं, म्हणजे 'होय'. या चौकटीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कार्ड आणि रीडर यांचं जमलं नाही: अ‍ॅडॉप्टरची पट्टी खराब, पोट लहान, किंवा जुन्या एक्सपीला मोठ्या कार्डाची एक्सफॅट लिपी येत नाही. 'होय' दाबणं म्हणजे नवरदेवाचं नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून लग्न मोडणं. कार्ड काढा, कॅमेऱ्यात घाला. तिथे फोटो दिसले तर दोष रीडरचा. दाबून बसलाच असाल तर त्या कार्डावर पुढे काहीही लिहू नका, फोटोरेक नावाचा फुकटातला प्रोग्राम शोधा, आणि देवळात जाणारच असाल तर घोडेश्वरी जवळ आहे. फॉरमॅट करायचंच तर कॅमेऱ्यातून करावं, आणि अल्बमचे शेवटचे पैसे हातात पडल्यावर करावं. ही दुसरी अट तांत्रिक नाही, पण पहिलीइतकीच पक्की आहे.

मायक्रोएसडी थेट मोठ्या तोंडात ढकलू नका. ते तोंडाच्या कडेनं आत घरंगळतं आणि डब्याच्या तळाशी जाऊन पडतं, तेही नेमकं वीज चालू असताना.

एवढं करून रीडर चालू झाला की दोन दिवसांत गावाला कळतं. मग स्टुडिओच्या कामाचा आणि रीडरचा संबंध उरत नाही. उसाच्या दुहेरी ट्रॉलीचा ट्रॅक्टर दाराशी थांबतो, ड्रायव्हर खाली उतरतो, खिशातून साध्या मोबाइलचं २ जीबीचं कार्ड काढतो, आणि म्हणतो, "मेमरी भरून द्या." सोनईला कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ऐकायला गाणी हवी असतात, आणि थोडं कीर्तन. या कार्डासाठी तुमचा सतरा दातांचा रीडर अजिबात लागत नाही. २००६च्या आधीचाही चालला असता. तरी भरून द्या. कार्ड आत घालण्याआधी उलटं करून पट्ट्या पुसा, कारण ते तंबाखूच्या पुडीशेजारी होतं. आत आधीचं काय आहे, पुसायचं का, हे त्याला दोनदा विचारा. तो दोन्ही वेळा "पुसा सगळं" म्हणेल. तरी आधी सगळं आपल्याकडे कॉपी करून ठेवा. संध्याकाळी त्याची बायको येणार आहे. पोराच्या बारशाचे फोटो त्यातच होते. ते परत भरून देण्याचे पैसे घ्यायचे की नाहीत, हे त्या बारशाला तुम्ही जेवला होतात का, त्यावर ठरवा.